न विकल्या गेलेल्या तिकिटाचे काय होते?

वांद्र्यात राहणाऱ्या माणसाला तिकिटाचा इतिहास शोधायला ग्रंथालयात जावे लागत नाही. स्टेशनच्या पश्चिमेला उतरले की गेईटी-गॅलेक्सी लागते : १९७२ साली सुरू झालेले, पुढे सात पडद्यांचे झालेले आणि सातही पडद्यांना इंग्रजी 'जी'वरूनच नावे देणारे चित्रपटगृह. तिथून रिक्षा केली तर रेक्लमेशनला 'रंगशारदा', जिथे नाटकाचा प्लॅन उघडायची वाट पाहत मराठी प्रेक्षकांच्या दोन पिढ्या उभ्या राहिल्या. रूळ ओलांडून पूर्वेला आले की कलानगर, साहित्य सहवास आणि त्यापलीकडे बीकेसीमधले एमएमआरडीएचे मैदान. तिथे मोठी मैफल असली की आमच्या खेरवाडीत खिडकीच्या काचा थरथरतात आणि तिकीट न काढता ढोल तेवढा ऐकायला मिळतो.

या तीन जागांवर तिकीट या वस्तूची तीन वेगळी आयुष्ये पाहायला मिळतात. मी गेली काही वर्षे त्यांचा पाठपुरावा करतो आहे. पदवी अर्थशास्त्राची नाही, कायद्याचीही नाही. कायद्यांची पुस्तके फोर्टच्या पदपथावरून आणि बातम्यांची कात्रणे घरच्या रद्दीतून, असे माझे संशोधन. तिकिटाचा काळाबाजार कसा होतो, यावर वर्तमानपत्रांनी पुष्कळ लिहिले आहे. माझे कुतूहल उलट बाजूचे आहे. जे तिकीट कोणीतरी विकत घेतले, पण ज्याला ते वापरता येत नाही आणि विकताही येत नाही, त्या तिकिटाचे पुढे काय होते? या प्रश्नाच्या मागे गेले की काळाबाजाराचे गणितही अधिक नीट समजते, असा माझा अनुभव आहे.

आधी वस्तूचा स्वभाव. संध्याकाळी वांद्र्याच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीचा भाव कसा उतरत जातो, ते सगळ्यांनी पाहिलेले असते. पण उरलेली जुडी दुसऱ्या दिवशी निम्म्या किमतीला तरी जाते. तिकिटाला दुसरा दिवस नाही. नऊ वाजता पडदा वर गेला की साडेनऊला त्याची किंमत शून्य. म्हणजे तिकीट विकत घेणारा प्रत्येक जण, त्याला कल्पना असो वा नसो, एक नाशवंत माल घरी आणत असतो. तो आजारी पडला, बॉसने सुटी नाकारली, घरात काही वाईट घडले, तर माल त्याच्या हातात सडतो. हा धोका कोणी उचलायचा, हाच या सगळ्या कहाणीतला खरा प्रश्न आहे, आणि प्रत्येक काळाने त्याचे वेगळे उत्तर दिले.

गेईटीसमोर ऐंशीच्या दशकात ब्लॅक करणारे एक गृहस्थ आता भारतनगरात नातवंडांत रमले आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही तेच म्हणतो. 'दस का बीस' ही आरोळी सिनेमावाल्यांनी बदनाम केली, प्रत्यक्षात ओठ न हलवता बोलावे लागे, असे ते सांगतात. मी त्यांना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला : सिनेमा पडला तर? त्यांचे उत्तर होते, "फिलम गिरी, तो हम भी गिरे." शुक्रवार ते रविवारची तिकिटे स्वतःच्या पैशाने, रांगेत पोरे उभी करून घेतलेली असत. पहिल्याच शोला लोक तोंड वाकडे करून बाहेर पडले, की संध्याकाळच्या तिकिटांवर पाणी. मग तीन वाटा उरत. जाहिराती संपेपर्यंत फाटकाशी उभे राहून मिळेल त्या भावाला विकणे ही पहिली. बुकिंग क्लार्कशी सलोखा असेल तर दिवसाचा हिशेब बंद होण्याआधी काही तिकिटे परत खिडकीत सरकवणे ही दुसरी. त्यासाठी तिकिटामागे काहीतरी द्यावे लागे. आणि तिसरी म्हणजे घरच्यांना पाठवणे. चाचांच्या बेगमने त्या काळातला एकही गाजलेला सिनेमा पहिल्या आठवड्यात पाहिला नाही. पडलेले मात्र सगळे पाहिले.

ही माणसे संत नव्हती. रांगेत दमदाटी होती, पोलिसांचा हप्ता होता. पण एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे : माल त्यांच्या खिशात होता आणि धोकाही त्यांच्याच खिशाला होता. विजय आनंद यांनी १९६०च्या 'काला बाज़ार'मध्ये देव आनंदला तिकिटांचा ब्लॅकवाला केले, तेव्हा लिबर्टीमधल्या 'मदर इंडिया'च्या प्रीमियरची खरी दृश्ये त्यात वापरली. त्या पात्राबद्दल प्रेक्षकाला थोडी माया वाटते, त्याचे एक कारण हेही असावे, की तो जे विकतो ते त्याच्या हातात दिसते.

मराठी नाटकाने हाच धोका अगदी राजरोस, करार करून वाटून घेतला होता. कंत्राटी प्रयोग म्हणजे दुसरे काय? गावातले एखादे मंडळ किंवा कंत्राटदार निर्मात्याला ठोक रक्कम देऊन पूर्ण प्रयोग विकत घेतो आणि तिकिटे आपल्या हिमतीवर विकतो. पाऊस पडला, त्याच रात्री गावात लग्न निघाले, तर रिकाम्या खुर्च्या कंत्राटदाराच्या. निर्माता आपली रक्कम घेऊन गाडीत बसतो. ही घाऊक पुनर्विक्रीच आहे. तिला कोणी काळाबाजार म्हटले नाही, कारण कोण कशाचा धनी हे सगळ्यांना ठाऊक होते. मुंबईतल्या रोजच्या प्रयोगांत उरलेल्या खुर्च्या निर्मात्याच्या अंगावर पडत, आणि घर भरलेले दिसावे म्हणून शेवटच्या क्षणी पास वाटले जात.

प्रेक्षकाच्या हातात उरलेल्या तिकिटाची सोय मात्र कुठे लिहिलेली नव्हती. ती चालीरीतीत होती. विकलेले तिकीट परत घेतले जाणार नाही, अशी पाटी खिडकीवर असे. पण हाऊसफुल्लचा फलक लागल्यावर क्लार्कच मान वळवून सांगे, "ते निळ्या शर्टातले गृहस्थ आहेत ना, त्यांच्याकडे एक जास्त आहे." निळ्या शर्टातले गृहस्थ छापील किमतीत तिकीट देत आणि सुटे पैसे परत करत. एक रुपया जास्त मागणे त्यांना लाजिरवाणे वाटले असते. या व्यवहाराला नाव नाही, पण याच्यात सगळे आहे : तिकीट खरे आहे हे सांगणारी खिडकी, ठरलेला भाव, आणि घेणाऱ्या-देणाऱ्याची समोरासमोर गाठ. ऑनलाइन विक्रीत नेमक्या याच तीन गोष्टी एका झटक्यात गेल्या.

२२ सप्टेंबर २०२४, रविवार, दुपारी बारा. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईतल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरील कार्यक्रमांची तिकिटे बुकमायशोवर खुली झाली. वांद्र्याला हा बँड नवा नव्हता. नोटाबंदीनंतर अकराच दिवसांनी, १९ नोव्हेंबर २०१६ला, तो बीकेसीच्या मैदानावर ग्लोबल सिटिझन फेस्टिव्हलमध्ये वाजवून गेला होता. यावेळी १८ आणि १९ जानेवारी २०२५ असे दोन दिवस जाहीर झाले होते, त्यात २१ तारखेची भर पडली. दर अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत. रांगेत शिरलेल्यांना आपला क्रमांक काही लाखांत दिसला. एक कोटीहून जास्त लोक एकाच वेळी आल्याच्या बातम्या होत्या. बघता बघता सगळे संपले, आणि त्याच दिवशी वियागोगो, गिग्सबर्ग अशा परदेशी संकेतस्थळांवर तीच तिकिटे लाखांत दिसू लागली. बुकमायशोने या संकेतस्थळांशी आपला संबंध नसल्याचे जाहीर केले आणि पोलिसांत तक्रारही दिली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने बुकमायशोच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना चौकशीला बोलावले. ऑक्टोबरमध्ये सक्तवसुली संचालनालयाने काही शहरांत झडत्या घेतल्या. इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवरून खोटी तिकिटेही विकली जात होती, असे त्यात पुढे आले.

इथे थोडे थांबून यंत्र उघडून पाहू. पुनर्विक्रीच्या संकेतस्थळावर दिसणारे तिकीट येते कुठून? काही प्रामाणिक माणसांचे असते, ज्यांचा बेत बदलला. काही अर्धप्रामाणिकांचे : चार घ्यायची, दोन विकायची, म्हणजे आपली दोन फुकटात. काही व्यावसायिकांचे, जे अनेक खात्यांवरून आणि संगणकाला कामाला लावून खरेदी करतात. काही प्रायोजकांच्या आणि निमंत्रितांच्या कोट्यातून पाझरलेले. आणि काही तिकिटे येतात शून्यातून. ती अस्तित्वातच नसतात. दलाल स्ट्रीटवर हातात शेअर नसताना विकून टाकायचा आणि भाव पडल्यावर घेऊन द्यायचा, ही चाल जुनी आहे. तिकिटातही तसेच चालते. विकणारा आज अमुक विभागातली दोन तिकिटे चाळीस हजारांना टाकतो, आणि कार्यक्रम जवळ आल्यावर भाव पडला की कुणाकडून तरी पंधराला घेऊन पुरवतो. भाव पडलाच नाही, तर तो पुरवत नाही. संकेतस्थळ विकणाऱ्याचे पैसे कार्यक्रम होईपर्यंत सहसा अडवून ठेवते आणि घेणाऱ्याला परताव्याची हमी देते. पण नेरूळच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या पोराला पैसे परत मिळाल्याने आतले गाणे ऐकू येत नाही.

चाचांना मी हा प्रकार समजावून सांगितला, तेव्हा त्यांना तो आधी पटेना. माल हातात नाही आणि गिऱ्हाईक पैसे देतो? "मग पब्लिक मारत नाही?" असे त्यांनी विचारले. त्यांचा प्रश्न बरोबर आहे. मारायला समोर कोणी नसते.

या धंद्याचा उगमही पाहण्यासारखा आहे. २००० साली एरिक बेकर आणि जेफ फ्लूर या दोघांनी अमेरिकेत स्टबहब काढली. बेकर पुढे तिथून बाहेर पडले आणि २००६ साली त्यांनी युरोपात वियागोगो उभी केली. वियागोगोने २०२०च्या सुमारास चारशे कोटी डॉलरहून अधिक मोजून स्टबहबच विकत घेतली. ही दोन्ही दुकाने मुळात 'माझ्याकडे एक जास्त आहे' म्हणणाऱ्या निळ्या शर्टातल्या गृहस्थांसाठी होती. पण कमिशन टक्केवारीत असले, की दुकानाचा जीव छापील किमतीत रमत नाही. भाव जितका चढेल तितका वाटा मोठा.

आता कायदा. १८८२चा सुविधाधिकार कायदा, म्हणजे इंडियन ईझमेंट्स ॲक्ट, मुंबई इलाख्याला १८९१ साली लागू झाला. शेजाऱ्याच्या जमिनीतून जाणारी वाट, भिंतीवर येणारा उजेड, असले त्याचे विषय. त्याचा मसुदा घडवणारे व्हिटली स्टोक्स हे केल्टिक भाषांचे मोठे पंडित. अशा माणसाच्या हातून कोरडे कलमही नेटके उतरते. त्याचे ५६वे कलम सांगते, की वेगळा हेतू व्यक्त झालेला नसेल किंवा ओघाने निघत नसेल, तर सार्वजनिक करमणुकीच्या जागी हजर राहण्याची अनुज्ञप्ती धारकाला दुसऱ्याच्या हवाली करता येते. इतर कोणतीही अनुज्ञप्ती अशी देता येत नाही, करमणुकीची मात्र देता येते. १८४५ सालच्या एका इंग्रजी खटल्यात, डॉनकास्टरच्या घोडशर्यतीचे एक गिनीचे तिकीट काढलेल्या गृहस्थाला बाहेर काढल्यावर, तिकीट ही केवळ परत घेता येणारी परवानगी आहे, असा निकाल झाला होता. त्यानंतर चाळीसेक वर्षांनी आलेल्या आपल्या कायद्याने तिकीटधारकाच्या पदरात निदान एवढे टाकले, की तुला जमत नसेल तर दुसऱ्याला बसव.

मग आज आपल्याला तसे का करता येत नाही? 'वेगळा हेतू व्यक्त झालेला नसेल तर' या शब्दांमुळे. 'सहमत आहे'वर बोट टेकवताना जी लांबलचक अटींची गुंडाळी आपण वाचत नाही, तिच्यात तो वेगळा हेतू बहुधा व्यक्त झालेला असतो : तिकीट हस्तांतरणीय नाही, रद्द होणार नाही, पैसे परत मिळणार नाहीत. कायद्याने दिलेला हक्क बारीक अक्षरांनी काढून घेतला. हे बेकायदा नाही. पण धोका कोणाच्या पदरात टाकला, ते स्पष्ट आहे.

नव्या भारतीय न्याय संहितेत, जी १ जुलै २०२४पासून लागू आहे, ११२व्या कलमात 'किरकोळ संघटित गुन्हा' म्हणून चोरी, जुगार यांच्या शेजारी तिकिटांची अनधिकृत विक्री बसवली आहे. शिक्षा एक ते सात वर्षे. वाचून बरे वाटते, पण कलम टोळीच्या सदस्याला लागू होते. एकटा माणूस लॅपटॉप उघडून बसला असेल तर? आणि अनधिकृत म्हणजे काय, याची व्याख्या तिथे नाही. तिकीटविक्रीच्या गैरप्रकारांना चाप लावावा, अशी जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात आली होती. १० जानेवारी २०२५ला, म्हणजे कोल्डप्लेच्या पहिल्या कार्यक्रमाला आठच दिवस असताना, ती फेटाळली गेली. कायदा करणे हे विधिमंडळाचे आणि शासनाचे काम, ही न्यायालयाची भूमिका होती.

सामान्य माणसाच्या हातात तिकीट उरते तेव्हा काय होते, ते मी घरातच पाहिले. माझ्या भाचीने शहरातल्या एका मैफलीची दोन तिकिटे काढली होती, प्रत्येकी साडेचार हजारांची. दहा दिवस आधी डेंग्यू झाला. विक्रेत्याच्या अटींत परतीची सोय नव्हती, नाव बदलण्याचीही नव्हती. मग तिने समाजमाध्यमावर 'दोन आहेत, छापील किमतीत' असे टाकले. तासाभरात आठ-दहा जण आले. एकाला 'खात्रीसाठी' क्यूआर कोडचे छायाचित्र हवे होते. ते द्यायचे नसते, हे मुलीला ठाऊक होते. फाटकावरचे यंत्र पहिल्या स्कॅनला आत सोडते, मग मूळ धनी बाहेर राहिला तरी त्याला कळत नाही. दुसऱ्याने पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट धाडला, बँकेत काही आले नव्हते. खरे गिऱ्हाईक असतीलही त्यात, पण त्यांना हिचा भरवसा वाटेना आणि हिला त्यांचा. साडेचारचे साडेतीन झाले, दोन दिवस आधी अडीच, त्या दुपारी दीड. एक तिकीट कचेरीतल्या मैत्रिणीच्या भावाने दीड हजाराला घेतले, तेही ओळखीवर. दुसरे अजून तिच्या फोनमध्ये आहे.

त्याच संध्याकाळी मी मुद्दाम त्या मैदानाच्या फाटकापर्यंत गेलो. बाहेर पोरे दुप्पट भावाने तिकिटे विकत होती आणि लोक घेत होते. आत एक खुर्ची माझ्या भाचीच्या नावाने रिकामी होती. टंचाई आणि सडलेला माल, दोन्ही एकाच जागी, एकाच वेळी. काळाबाजार टंचाईवर जगतो, असे आपण मानतो. मला वाटते, त्याहून जास्त तो या दोन टोकांमध्ये रस्ता नसल्यावर जगतो. चढ्या भावाची किंमत ही बहुतेक वेळा विश्वासाची किंमत असते. फाटकावरचा पोरगा निदान तिकीट घेऊन समोर उभा असतो.

भाचीचा उतरता भाव हा काही अपवाद नव्हता. अँड्र्यू स्वीटिंग या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या बेसबॉल सामन्यांच्या पुनर्विक्रीचा अभ्यास करून २०१२ साली दाखवले, की सामना जवळ येतो तसतसे विक्रेते भाव चाळीस टक्के किंवा त्याहूनही जास्त उतरवतात. नाशवंत मालाचा हा साधा नियम आहे. पहिल्या दिवशीच्या लाखांच्या आकड्यांची बातमी होते. शेवटच्या दुपारच्या दीड हजारांची होत नाही. ज्यांना खरोखर जायचे आहे आणि ज्यांच्याकडे धीर आहे, त्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही, फक्त परदेशी संकेतस्थळावर नव्हे, ओळखीच्या वर्तुळात.

अर्थशास्त्रातली काही मंडळी म्हणतात, की पुनर्विक्रीत वाईट काय? ज्याला तिकिटाची किंमत जास्त वाटते त्याच्याकडे ते जाते. तर्क म्हणून ठीक. पण कलावंत मुद्दाम दर कमी ठेवतो, तो पुढच्या रांगेत कॉलेजची पोरे नाचावीत म्हणून. मधला माणूस तो फरक खिशात घालतो, तेव्हा कलावंताने प्रेक्षकाला दिलेली सूट तिसऱ्याच्याच घरी जाते. कोल्डप्लेनेच यावर एक गमतीची तोड काढली आहे. 'इन्फिनिटी तिकिटे' नावाची थोडी तिकिटे ते अगदी स्वस्तात विकतात. आपल्याकडे नोव्हेंबर २०२४मध्ये ती दोन हजारांना होती. ती जोडीनेच घ्यायची आणि आपली जागा कुठे आहे, हे कार्यक्रमाच्या दिवशी खिडकीवर गेल्यावरच कळायचे. जागा माहीत नाही म्हणजे विकायला वर्णनच नाही. माल अर्धवट ठेवून पुनर्विक्री रोखायची, ही युक्ती मला आवडते. पण ती थोड्या तिकिटांपुरतीच चालेल.

रस्ता बांधायचा कसा, याचा नमुना शोधायला दूर जायला नको; तो वांद्रे टर्मिनसवर आहे. रेल्वेचे आरक्षण रद्द केले की ती जागा आपोआप प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला मिळते, आणि आपल्याला काही कापून का होईना, पैसे मिळतात. जवळच्या नातेवाइकाच्या नावावर तिकीट करायचे असेल, तर गाडी सुटण्याच्या चोवीस तास आधी अर्ज करता येतो. तक्ता लागल्यावर उरलेल्या जागा करंट बुकिंगला जातात. आणि परवानगीशिवाय तिकिटांचा धंदा केला, तर १९८९च्या रेल्वे कायद्याच्या १४३व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद. दलाल तिथेही आहेत, तात्काळची सकाळ कोणाला चुकली आहे? पण आजारी पडलेल्या प्रवाशाला आपले तिकीट घेऊन टेलिग्रामवर अनोळखी माणसाशी घासाघीस करावी लागत नाही.

जगात इतरत्र कायदे याच दिशेने गेले. जपानने जून २०१९पासून छापील किमतीहून जास्त घेऊन धंदा करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा लाख येनपर्यंत दंड ठेवला, आणि तिथले आयोजक छापील किमतीत परत विक्रीची अधिकृत सोयही देतात. आयर्लंडने २०२१ साली हजारावर क्षमतेच्या ठिकाणांसाठी चढ्या भावाची पुनर्विक्री बंद केली. आयोजकाच्या अंगावर पडलेल्या तिकिटांसाठी न्यूयॉर्कला १९७३पासून टाइम्स स्क्वेअरमध्ये एक खिडकी आहे : त्या दिवशीची उरलेली नाटकांची तिकिटे तिथे निम्म्यापर्यंत कमी दराने मिळतात, आणि ती चालवते ना-नफा संस्था. आपल्याकडे पास वाटून घर भरण्यापेक्षा ही पद्धत अधिक स्वाभिमानाची आहे, असे माझे मत आहे. दादरला, नाहीतर रंगशारदाच्या दारात अशी खिडकी का नसावी? पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, तेव्हा तो हिशेबही आडवा येत नाही.

आपल्याकडे एक प्रयोग झाला, तोही वांद्र्याच्याच मैदानासाठी. ३० नोव्हेंबर २०२४ला बीकेसीत दुआ लिपा या गायिकेचा कार्यक्रम होता. त्यासाठी झोमॅटोने 'आत्ता घ्या, केव्हाही विका' अशी सोय जाहीर केली. ग्राहकाने आपले तिकीट त्याच ॲपवर विकायला ठेवायचे, कोणी घेतले की जुने तिकीट रद्द होऊन नव्या माणसाच्या नावाने नवे निघायचे. पुनर्विक्रीच्या भावाला वरची मर्यादाही होती. यातला पहिला भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. एकच क्यूआर कोड पाच जणांना विकण्याची लबाडी त्याने मुळातून संपते, कारण जुना कोड मरतो. खिडकी पुन्हा साक्षीला उभी राहते. दुसऱ्या भागाबद्दल मात्र मी साशंक आहे. मर्यादा छापील किमतीच्या वर ठेवली की निळ्या शर्टातल्या गृहस्थांबरोबर सट्टेबाजालाही आत घेतले जाते, आणि चार घेऊन दोन विकण्याची सवय सुशिक्षित घरांत रुजते. मर्यादा छापील किमतीवरच असावी, फार तर सेवाशुल्क वर. त्या दराला घेणारा मिळाला नाही, तर विकणाऱ्याने खाली उतरावे. तो त्याचा धोका.

तोवर ज्याच्या हातात तिकीट उरले आहे, त्याने काय करावे? तिकीट काढतानाच नाव बदलता येते का, ते पाहावे. बेत बदलताच विकायला काढावे, कारण दर दिवसाला किंमत गळते. कोड कोणालाही दाखवू नये. ॲपमधून हस्तांतरणाची सोय असेल तरच अनोळखी माणसाशी व्यवहार करावा. पैसे आल्याची खात्री बँकेच्या नोंदीवरून करावी, समोरच्याच्या स्क्रीनवरून नव्हे. आणि काहीच जमले नाही, तर सोसायटीतल्या एखाद्या मुलाला बोलावून सोबत फाटकापर्यंत जावे आणि त्याला आत सोडून यावे.

कायदा विधिमंडळाने करायचा आहे, तो होईल तेव्हा होईल. पण सार्वजनिक करमणुकीला परवाना लागतो, आणि परवान्याचे नियम करण्याचा अधिकार महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३३व्या कलमाने आयुक्तांना पूर्वीच दिलेला आहे. कार्यक्रमाच्या एक दिवस आधीपर्यंत तिकीट छापील किमतीत परत घेऊन प्रतीक्षायादीतल्या माणसाला देण्याची सोय आयोजकाने केली पाहिजे, ही एक अट त्यात घालता येईल का, हे तपासायला नवा कायदा लागत नाही. बीकेसीच्या मैदानाबाबत तर तेवढेही नको. ते मैदान एमएमआरडीए या सरकारी प्राधिकरणाचे आहे आणि ते भाड्याने देते. भाडेकरारात ध्वनिवर्धकाची वेळ असते, कचऱ्याची जबाबदारी असते, अनामत रक्कम असते. त्यात आणखी एका कलमाला जागा आहे.